गोटमारीचा खुलासा

पांढुर्णा, मंगळवार

तीर्थस्वरूप रामाजी भाऊजी यांना लोधीखेड्याच्या पत्त्यावर सुधाकर भांगेचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर जेवढं वाकू देते तेवढं.) इकडे आम्ही दोघं ठीक आहो. तुमची आणि विजयाबाईची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, पण फोनवर विचारलं की तुम्ही दोघंही ताबडतोब 'एकदम मस्त' म्हणता, म्हणून मला शंका आहे. मस्त असलेला माणूस इतक्या लवकर मस्त म्हणत नाही, थोडा विचार करतो. विजयाबाईच्या गुडघ्याचं खरं काय ते कळवा. लोधीखेड्याला पोराकडे राहायला गेल्यापासून तुमचा आवाज जरा बारीक झाला असंही मला वाटून राहिलं, पण तो फोनचा दोष असू शकते.

फोन असताना पत्र कायले लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. मागच्या महिन्यात मी घरात, दार लावून, यमुनेला फक्त एवढंच म्हटलं की तिकडे जायचं झालं तर जाड कोट लागेल. फोन देव्हाऱ्याजवळ पडला होता. संध्याकाळपासून त्या फोनवर कोटाच्या जाहिराती सुरू. आठ दिवस! देव्हाऱ्यातल्या देवानं चाळीस वर्षांत माझं इतक्या लक्ष देऊन ऐकलं नाही. तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं मी कागदावरच करतो. 'तिकडे' म्हणजे कुठे, तेही लिहीत नाही. पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आपली पल्लवी नर्स म्हणून गेली तो थंडा देश, एवढं तुम्हाला पुरे.

तर मूळ हकीकत अशी. अडीच वर्षांआधी पल्लवीचा फोन आला. "बाबा, आम्ही तुमच्या दोघांच्या व्हिसाचा अर्ज करून राहिलो. फिरायले नाही, राहायले. कायमचं." मी विचारलं, "काऊन?" ती म्हणाली, "काऊन म्हणजे? तुम्ही माह्ये मायबाप आहा." भाऊजी, मी छत्तीस वर्षं मंडीच्या नाक्यावर संत्र्याचे ट्रक तपासले. (छत्तीस वर्षं नोकरी आणि साऱ्या गावाशी छत्तीसचा आकडा, असं यमुना म्हणते.) पेटीच्या वरच्या थरात मोठा, चमकदार माल आणि खाली हात घातला की लिंबाएवढी गोटी, हे मी रोज पाहिलं. 'मायबाप आहा' हा मला वरचा थर वाटला. म्हणून मी खाली हात घातला. विचारलं, "तू आणि जावई दोघंही कामावर जाता, तं ऋतुजा कोणाजवळ राहते?" (नात तेव्हा सहा महिन्यांची होती.) पल्लवी म्हणाली, "पाळणाघरात ठेवा लागते, बाबा."

निघाली गोटी! दाई पाहिजे होती यांना. मी फोन ठेवून यमुनेला ही गोष्ट अशी सांगितली, जसा एखादा मोठा ट्रकच पकडला. ती मेथी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "पल्लवी झाली तवा माह्या मायनं सवा वर्ष या घरात काढलं. तिले तुम्ही दाई म्हटलं होतं काय?" म्हटलं नव्हतं. (मनात म्हटलं असेल तर त्याचा पुरावा नाही.)

दुसरी शंका जावयाची. वैभव फार नम्र आहे. फोनवर विचारते, "बाबा, तुम्हाले खोली पूर्वेकडची पाहिजे का पश्चिमेकडची?" पांढुर्ण्यात मला आजपर्यंत कोणी बसायला खुर्ची कोणत्या बाजूची पाहिजे हे विचारलं नाही. आणि लेकीच्या घरी चार दिवसांच्या वर पाणी पिऊ नये असं आपले म्हातारे सांगत आले, ते काय उगाच? पण यमुनेनं त्याच दिवशी पेटीतून पासपोर्ट काढून पुसून ठेवले. नको म्हणायला जागाच राहिली नाही.

फॉर्म भरायला बसस्टँडजवळच्या भूपेंद्रच्या ऑनलाइन दुकानात गेलो. तिथं समजलं की पल्लवी माझीच मुलगी आहे, हे मलाच सिद्ध करावं लागते. तिच्या मार्कशीटवर वडलांचं नाव सुधाकर. माझ्या आधार कार्डावर सुधाकरराव. मतदार यादीत सुदाकर. आणि राशन कार्डावर सुधारक! आयुष्यात माझ्यावर पुष्कळ आळ आले, पण मी सुधारक असल्याचा आळ कोणी घेतला नव्हता. हे चारही एकच इसम आहे असं शपथपत्र करावं लागलं, आणि सही करताना मला स्वतःचाच थोडा शक आला. मग बापलेकीचे एकत्र फोटो मागितले. घरात अल्बम तीन, पण एकातही मी नाही. कारण कॅमेरा मी कधी कोणाच्या हाती दिला नाही. शेवटी पल्लवीच्या लग्नातला एक सापडला. त्यात ती माझ्या गळ्यात पडून रडून राहिली आणि मी तिच्या खांद्यावरून केटरिंगवाल्याकडे पाहून राहिलो. भूपेंद्र म्हणाला, "काका, याच्यात तुमचं लक्ष नाही." मी म्हटलं, लक्ष होतं, फक्त दोन ठिकाणी होतं.

मग जिल्ह्याची भानगड. पहिला फॉर्म भरला तेव्हा आपला जिल्हा छिंदवाडा. दुसरा कागद भरेपर्यंत पांढुर्णाच जिल्हा झाला. लगेच तिकडून विचारणा : तुम्ही घर बदललं काय? नाही. मग जिल्हा कसा बदलला? आता मी काय लिहावं? मी जागचा हललो नाही, जिल्हाच माझ्याखालून निघून गेला. भूपेंद्रनं काहीतरी बरोबर इंग्रजी लिहिलं. (काय लिहिलं ते मी दोन वेगवेगळ्या लोकांकडून वाचून घेतलं. दोघांनी सारखंच सांगितलं, म्हणजे दोघंही भूपेंद्रचे मित्र असतील.)

आता खरा घोटाळा ऐका. फॉर्मात एक प्रश्न होता की तुम्ही कधी हिंसक झुंडीत, दंग्यात किंवा लढाईत भाग घेतला आहे काय? भूपेंद्रनं न विचारता 'नाही' वर बोट नेलं. मी त्याचा हात धरला. "थांब. अन् गोटमार?" तो हसला, म्हणे, "काका, गोटमार म्हणजे परंपरा. तिले कोण विचारते?" पण भाऊजी, असं सोपं करून सांगणाऱ्या माणसापासून मी नेहमी दोन पावलं मागे सरकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर आपलं पांढुर्णा, दुसऱ्या काठावर तुमचं सावरगाव, मध्ये पात्रात पळसाचं झाड आणि झेंडा, आणि दिवसभर दोन्ही बाजूंनी दगड. याचे व्हिडिओ साऱ्या दुनियेत फिरतात. उद्या त्या देशाच्या साहेबानं एखादा जुना व्हिडिओ लावला आणि त्यात मी शर्टाच्या ओच्यात दगड घेऊन दिसलो, तर? डोक्याची खूणही आहेच, उजव्या कानाच्या वर, केस निघत नाही तिथं. मी म्हटलं, "लिही, हो. अकरा वर्षं." भूपेंद्रनं तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. मग त्यानं खाली दोन ओळी लिहिल्या. त्याचा मराठीत अर्थ मी नंतर काढून घेतला, तो असा : 'अर्जदारानं झेंड्यासाठी शेजारच्या गावाविरुद्ध अकरा वर्षं दगडांनी लढाई केली.'

त्याच्यानंतर दीड वर्ष शांतता. या शांततेत मला आणखी एक गोष्ट दिसली. यमुना रोज दुपारी तीन वाजता घरातून जाऊ लागली. पायात चांगली चप्पल, हातात कापडी पिशवी. विचारलं तर म्हणे, "मंगलाकडे पापड लाटायले." आता पापड एक दिवस, दोन दिवस, सव्वा महिना कोण पापड लाटते? आणि घरात एक पापड आला नाही. मी मंगलाच्या घरी चौकशी केली, तर कुलूप. ती पंधरा दिवसांपासून तिगावला बहिणीकडे. मग मात्र माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मी दुपट्टा तोंडाला बांधून पन्नास पावलं मागे राहून यमुनेच्या मागं गेलो. (रस्त्यात तिघांनी 'काय सुधाकरभाऊ, कुठं?' म्हणून विचारलं. दुपट्ट्याचा काही उपयोग नाही.) ती शाळेमागच्या गल्लीत डिंपल मॅडमच्या घरात शिरली. ही डिंपल म्हणजे इंग्रजी शिकवते ती. मी खिडकीखाली, तुळशीच्या कुंडीआड बसलो. आतून यमुनेचा आवाज, पण भाषा तिची नाही. "माय नेम इज यमुना. आय हॅव वन डॉटर. माय हजबंड इज..." आणि ती थांबली. डिंपलनं विचारलं, "हं, कसे आहेत हजबंड?" यमुना म्हणाली, "चेकिंग."

तेवढ्यात डिंपलच्या आईनं मागून मला पाहिलं आणि चोर चोर करून जो आरडाओरडा केला, त्यानं गल्ली जमा झाली. यमुना बाहेर आली. मला वाटलं रागावेल. ती रागावली नाही, तेच वाईट झालं. घरी आल्यावर पाण्याचा गिलास माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "ऋतुजा आता बोलायले लागली. फोनवर माह्याशी इंग्रजीत बोलते. मी नुसती हसते. परवा तिनं पल्लवीले विचारलं, आजीले बोलता येत नाही काय म्हणून." भाऊजी, मी खाली हात घालायला गेलो होतो, पण इथं खालीही तोच माल निघाला. मी म्हटलं, "मले सांगितलं असतं तं." ती म्हणाली, "सांगितलं असतं तं तुम्ही डिंपलचीच चौकशी केली असती." हे खरं आहे. (चौकशी मी नंतर केली. बाई चांगली आहे.)

आणि तीन आठवड्यांआधी तिकडून उत्तर आलं. यमुनेचे सगळे कागद बरोबर, फक्त डॉक्टरी तपासणी बाकी. माझी फाइल थांबवली. माझ्यासाठी वेगळं पत्र, दीड पानाचं. त्यात विचारलं की आपण ज्या संघटनेतर्फे लढलात तिचं नाव काय, तिचा प्रमुख कोण, आपला हुद्दा काय होता, आपण प्रशिक्षण कुठं घेतलं, आणि विरुद्ध पक्षाशी सध्या युद्धबंदी आहे किंवा कसं. तीस दिवसांत खुलासा करावा. भूपेंद्रनं मला हे वाचून दाखवलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बाहेर आला नाही. भिंतीतून त्याचा हसण्याचा आवाज येऊन राहिला होता.

मी घरी येऊन म्हटलं, "पाहा, मी म्हणतच होतो. यांना आपल्याला न्यायचंच नाही, नुसते कागद मागत राहतील." यमुना म्हणाली, "माह्ये तं मंजूर होऊन राहिले." मी म्हटलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथं राहा. दारं-खिडक्या तपासा. मी जाईन." आणि आत जाऊन कुकर लावला. बेचाळीस वर्षांच्या संसारात यमुना माझ्याशिवाय सौंसरच्या पुढं एकटी गेली नाही, भाऊजी. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चार झाल्या, ती उठली नाही. मीही उठलो नाही. त्या दिवशी भात करपला आणि दोघांनी तो तसाच खाल्ला.

तेव्हापासून मी खुलासा लिहायला बसतो. पहिल्या खुलाशात मी गोटमारीचा सगळा इतिहास लिहिला, तो वाचून मलाच भीती वाटली. दुसऱ्यात लिहिलं की मी फक्त पाहायला जात होतो. पण ते खोटं होतं, आणि खोटं लिहिताना माझं अक्षर बदलते, हे कोणीही पकडेल. तिसऱ्यात मी फक्त एवढंच लिहायचं ठरवलं की मी सोडलं कधी आणि कायले. ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही त्या वेळी दुसऱ्या काठावर होता.

अठ्ठ्याण्णवचा पोळा. दगड लागला तो त्याच वर्षी. रक्त दिसू नये म्हणून मी मागच्या दारानं येऊन न्हाणीत बसलो. पल्लवी सहा वर्षांची. तिनं पाहिलं. ओरडली नाही, शाळेचा रुमाल ओला करून आणला आणि माझं डोकं पुसू लागली. म्हणाली, "कोणी मारलं, बाबा?" मी म्हटलं, "सावरगाववाल्यायनं." ती म्हणाली, "सावरगावात तं विजयाआत्या राहते." मी म्हटलं, "हाव." "मग फुफाजीनं मारला काय?" (फुफाजी म्हणजे आत्याचा नवरा, तुम्हीच.) मी म्हटलं, "गर्दीत कोणाचा कोणता दगड, समजत नाही, बेटा." ती जरा वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "तं तुम्ही मारलेला कोणाले लागला?"

भाऊजी, त्या वर्षी तुमच्या उजव्या हाताचा अंगठा महिनाभर पट्टीत होता. शाळेत फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होता म्हणे. तुम्ही सांगितलं दारात चेमटला. मी छत्तीस वर्षं ट्रकवाल्यांचं एक वाक्य खरं मानलं नाही, पण तुमचं ते मी एकदम मानलं आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढच्या पोळ्यापासून मी नदीवर गेलो नाही. लोकांना सांगितलं, कंबर दुखते. (पल्लवी म्हणते ती नर्स त्याच दिवशी झाली. हे मला पटत नाही. तिचे गणिताचे मार्क वेगळंच सांगतात.)

तर असं आहे. एवढं सगळं लिहून मी या ठरावावर आलो की मी काही जात नाही. ज्या देशाला माझी पोरगी माझी वाटत नाही आणि मी मात्र सेनापती वाटतो, तिथं जाऊन करायचं काय? यमुनेला जायचं तर जावं. मी इथं ठीक आहो. मला करपलेला भातही चालतो.

विजयाबाईला नमस्कार, पोराला व सुनेला आशीर्वाद. हे पत्र वाचून झाल्यावर फाडू नका, नुसतं नीट ठेवा. फाडलेले कागद लोक जोडतात.

आपला,
सुधाकर (सुधाकरराव, सुदाकर आणि सुधारक हेही मीच)

ता. क. : वरचा ठराव कायम आहे. पण खुलाशाची मुदत पुढच्या गुरुवारी संपते, आणि अर्धवट फाइल ठेवणं मला जमत नाही, नाक्यावरही जमत नव्हतं. युद्धबंदी आहे काय, याचं उत्तर एकट्या माझ्या सहीनं चालणार नाही. त्याला विरुद्ध पक्षाची सही पाहिजे. तुम्ही सावरगावचे, वर्षातून एक दिवस समोरच्या काठावर आणि बाकीचे दिवस माझे भाऊजी, वरून सेवानिवृत्त मुख्याध्यापक. तेव्हा एका कोऱ्या कागदावर लिहून द्या की सुधाकर भांगे यांनी १९९८ नंतर एकही दगड उचलला नाही, दोन्ही पक्षांत सोयरिक आहे, आणि तुम्ही त्यांना शांत माणूस म्हणून ओळखता. शेवटचं वाक्य लिहिताना विजयाबाईला हसू देऊ नका. पुढच्या बुधवारच्या आत बसवाल्याच्या हाती पाठवा. मी स्टँडवर उभा राहतो.

ता. क. २ : अंगठ्याबद्दल त्या कागदात काही लिहू नका. मलाही कळवू नका. दारात चेमटला होता, तेच बरोबर आहे.

ता. क. ३ : भाऊजी, यमुनेचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून खाली जागा होती तिथं लिहिते. तुमचा कागद बुधवारची वाट न पाहता लवकर पाठवा. मी एकटी काही जाणार नाही, पण हे त्यांना सांगू नका. थोडी भीती राहिली तर खुलासा वेळेवर जाईल. 'जात नाही' म्हणतात ते मनावर घेऊ नका. रोज सकाळी चहा व्हायच्या आधी हे गच्चीवर जाऊन फोनमध्ये तिथली थंडी पाहतात. मला वाटते, मला माहीत नाही असं त्यांना वाटते. काल खाली आले आणि कोणाशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आज उणे अठरा आहे. पोट्टीनं कान झाकले असंन काय?"